दोन रायांमधली मोकळी जागा

भोर-वेल्ह्याकडे हवा खायला म्हणून कोणी जात नाही. किल्ले पाहणारे जातात. ते किल्ला चढतात, उतरतात आणि पुण्याला येऊन किल्ल्याबद्दल लिहितात. आम्ही गेलो ते पायथ्याच्या झाडांसाठी. पायथ्याला काय आहे हे जाण्यापूर्वी कोणी सांगू शकले नाही, म्हणून परत आल्यावर मीच लिहायला बसले आहे.

आधी काम काय होते ते सांगते. पुण्यात झाडांची आवड असलेल्या काही गृहस्थांचे एक लहानसे मंडळ आहे. वेल्ह्याच्या खोऱ्यापासून खाली भोरजवळच्या धरणाच्या पाण्यापर्यंत ओढ्यानद्यांच्या काठाने जुन्या देवराया आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातली वाळली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. पण एक राई संपली की दुसरी लागेपर्यंत डोंगर उघडा. तिथली झाडे कोळशाला गेली. पावसात त्या उघड्या डोंगराची माती धुपून धरणात येते. शिवाय राईत शेकरू राहते. ही झाडावरची मोठी तांबूस खार. ती जमिनीवर उतरायला भिते, त्यामुळे ज्या राईत जन्मली त्याच राईत मरते. मंडळाचे म्हणणे असे की नदीच्या काठाकाठाने झाडांचा पट्टा लावून या सगळ्या राया एकमेकींना जोडाव्यात. नियम दोनच. पट्टा सलग हवा. मध्ये तूट नको. आणि ज्यांच्या जमिनीला तो लागेल त्या प्रत्येकाचा अंगठा कागदावर हवा. एकाचाही नकार असला तर तो तुकडा योजनेतून बाद.

आमचे 'हे' मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. नकाशा काढण्याचे काम त्यांनी आनंदाने पत्करले. मी मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था पाहते, म्हणजे दिवसभर याद्याच करते. तेव्हा नकाशा ह्यांचा आणि यादी माझी, असे ठरवून फाल्गुनात आम्ही निघालो. यादीला रकाने पाच: राई, तिचा देव, राखणारा, मोठी झाडे, आणि पुढच्या राईपर्यंतची तूट.

विंझर

नसरापूरपर्यंत मोटार मिळाली, पुढे बैलगाडी. विंझरला गाडी सोडली आणि सामान वाहायला म्हादू नावाचा गडी घेतला. पन्नाशीचा, काटक, आणि तोंडाने मोकळा. आमची पेटी डोक्यावर चढवताना त्याने विचारले, "बाई, दगुड भरल्यात का काय हिच्यात?"

"लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि ह्यांची यंत्रं."

"मंग दगुड बरं. फुटत तरी न्हाईत."

बरण्या दोन होत्या. एक फुटली, पण ती ह्यांच्या हातून.

पहिल्याच राईत अडचण आली. नदीच्या वळणावर दाट, गार, आत शिरताच दुपारचे ऊन एकदम मागे राहिले. तोंडाशी गुरव बसला होता. त्याने चपला काढायला सांगितल्या, त्या काढल्या. मग ह्यांच्या खांद्यावरच्या मोजणीच्या साखळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ती भायेर ठेवा. लोखंड देवाला चालत न्हाई."

"अहो, मी तोडणार नाही. नुसतं मोजणार आहे," हे म्हणाले.

"तोडणाराबी आदी मोजूनच बगतो की, सायेब."

ह्यांनी साखळी खांद्यावरून उतरवली. माझ्या ट्रंकेत एक जादा लुगडे होते. मी ते काढले, बाहेर साखळीला लावून पाहिले. नऊवारी म्हणून घेतलेले ते लुगडे धुण्याने आटून पावणेनऊ वार भरले. तो आकडा यादीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि एक टोक म्हादूच्या, दुसरे ह्यांच्या हातात दिले. पाण्याला चाललेल्या दोन बायका थांबल्या.

"काय गं हे? देवाला लुगडं नेसवत्यात?"

"देवाला न्हाई, झाडास्नी," म्हादू म्हणाला. "पुन्याची तऱ्हा हाय."

पुढच्या सगळ्या राया आम्ही लुगड्यानेच मोजल्या. बेहडा, जांभूळ, आंबा, कुंभा, आणि खोडाला दोघांची मिठी पुरणार नाही असे वेल. गुरवाला मी विचारले, पट्टा लावला तर देवाची हरकत? तो म्हणाला, "देवाचं रान वाढलं तर देव कशाला रागवंल? मानसाला इचारा." ते उत्तर किती नेमके होते हे मला तेव्हा कळले नाही. मी 'हरकत नाही' असे लिहून पुढे गेले.

वेल्हे आणि खिंड

वेल्ह्याला दोन दिवस राहिलो. तोरण्याच्या पायथ्याचे हे गाव लहान आहे. दुकाने मोजून चार, चारांतही तोच गूळ आणि तेच मीठ. गड दिवसभर डोक्यावर उभा असतो आणि गावातले कोणी त्याच्याकडे पाहत नाही. आम्ही देवळाच्या ओसरीवर उतरलो आणि आमचे आम्ही रांधून खाल्ले. ह्यांचा तसा नेम आहे.

माझे माहेर कोकणातले, खाडीकाठचे. त्यामुळे नाचणी मला नवी नव्हती. पण आमच्याकडे नाचणीची भाकरी पातळ करतात आणि तिच्याशी मासळी किंवा ताक असते. इथे भाकरी बोटभर जाड, आणि तिच्याशी मिरचीचा ठेचा. आमच्याकडे घराच्या मागे विहीर असते. इथे बाई सकाळी दोन खेपा करते आणि मग दिवस सुरू झाला असे समजते. नदी डोळ्यांसमोर असते, पण फाल्गुनात तिच्यात डबकी उरलेली. रायांच्या आतले झरे मात्र वाहत होते. हा फरक मी यादीत टिपून ठेवला, कारण मंडळाला हेच दाखवायचे होते.

तिसऱ्या दिवशी खिंड चढून वेळवंडी नदीच्या खोऱ्यात उतरायचे होते. वाट राजगड आणि तोरण्याच्या मधल्या धारेवरून जाते. धारेवर वारा असा की ह्यांनी नकाशा उलगडला तो दोघांनी दोन्हीकडून धरावा लागला. तेवढ्यात म्हादूने टेकण्यासाठी पेटी खाली ठेवली, तिच्यावर बांधलेला पिठाचा डबा सुटला आणि दरीत गेला. तो किती वेळ वाजत होता हे आम्ही तिघे उभे राहून ऐकत होतो.

"ग्येला," म्हादू म्हणाला. "आता हिकडं माकडं भाकरी करतील."

खाली पहिल्याच वस्तीत एका घरी आम्हांला भात आणि हुलग्याचे पिठले वाढले. ह्यांनी पहिल्या घासाआधी जरा वेळ पानाकडे पाहिले, मग खाल्ले, मग दुसऱ्यांदा भात मागितला. नेमाबद्दल पुढे बोलणे झाले नाही.

त्यानंतरचे तीन दिवस काम झपाट्याने झाले. नदीच्या काठाने खाली येत आम्ही राईमागून राई टिपत गेलो. तूट जिथे मोठी तिथे पडीक डोंगर होता, आणि पडीक डोंगरावर झाडे लावायला कोणाची ना नव्हती. मजुरी मिळणार, गवत मिळणार, झरे टिकणार. अंगठे पटापट पडले. सोळा तुटी बुजल्या, कागदावर तरी. ह्यांनी हिरव्या शाईची रेघ रोज थोडी लांबवली. सतरावी तूट शेवटची. ती उंबरटेपला होती.

उंबरटेप

उंबरटेप ही वीस-पंचवीस घरांची वाडी, वेळवंडी जिथे धरणाच्या पाण्याला मिळते तिथे टेपावर, म्हणजे लहानशा टेकाडावर, वसलेली. वरून ते दृश्य पाहिले आणि मला क्षणभर माहेरी आल्यासारखे वाटले. नदी रुंद होत, सुस्तावत, चिखलातून फाटे फोडत मोठ्या पाण्यात शिरत होती. बगळे, चिखलाचा वास, काठावर उलटी घातलेली एक होडी. खाडीचे मुख असेच दिसते. फरक एवढाच की खाडीला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. इथे वर्षातून एकदा. पावसाळ्यात धरण भरते तेव्हा पाणी टेपाच्या पायाला लागते. पुढे कालव्यांना पाणी सुटते आणि ते हळूहळू मागे सरकत जाते. मागे राहतो काळा, ओला गाळ. त्या गाळात लोक हरभरा, घेवडा, काकडी, कलिंगड करतात. याला गाळपेर म्हणतात. धरण होण्यापूर्वी वाडी खालीच होती आणि ही त्यांचीच जुनी शेते. आता आठ महिने पाण्याखाली असतात, चार महिने परत मिळतात.

म्हादू इथून परत जायचा होता, पण काय होते ते पाहायला तोही एक दिवस थांबला.

वाडीच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई, खालच्या अंगाला भैरोबाची. मध्ये गवताचा उघडा उतार, आणि उताराच्या माथ्यावर एकटा एक जुना बेहडा, वर दोन फांद्यांत फाटलेला. पलीकडच्या काठाला नुसता कातळ. तिथे काही लावायचे नव्हते. या उतारावर झाडे लावली की दोन राया जुळत होत्या आणि हिरवी रेघ संपत होती.

सकाळी पाटलांच्या ओसरीवर माणसे जमली. पाटील समजूतदार, बोलणे थोडे. अंगठे सुरू झाले. आठ झाले, दहा झाले. साठीच्या एका बाईची पाळी आली तशी ती मागे सरली.

"माजा अंगठा न्हाई."

ही धोंडाबाई. नवरा धरणाच्या आधीच गेलेला, मुलगा मुंबईला गोदीत, घरी ती, सून तानी आणि तानीचे तान्हे मूल. पोटाला एवढा गाळाचा पट्टाच.

"का हो?" मी विचारले.

"तुमी झाडं लावनार. झाडं वाडनार. मंग मला माजं शेत कुठनं दिसायचं?"

कोणाला तरी हसू आले. हसणारा तिचा चुलतदीर गणपा होता; त्याचा पट्टा तिच्या लगत. "वयनी, शेत पायाखाली असतं. डोंगरावर न्हाई दिसत."

"तुला न्हाई दिसत म्हनूनच म्हनते," ती म्हणाली. "चला बाई, दावते."

आम्ही सगळे तिच्या मागे गाळात उतरलो. पाणी दोन दिवसांपूर्वीच तिथून हटले होते. पाय घोट्यापर्यंत रुतत होता. नवी जमीन निघाली की तिची हद्द आखायची असते, आणि ती त्या दिवशी आखायचीच होती. दगड रोवून उपयोग नसतो. पावसाळ्यात वर गाळ चढतो, दगड कलंडतो आणि गडप होतो. म्हणून इथली माणसे डोंगरावरच्या खुणा धरतात. बाकीच्यांच्या खुणा समोरच्या कातळावर आहेत. धोंडाबाई आणि गणपाचे पट्टे मात्र वळणाच्या आड येतात, तिथून समोरचा काठ दिसत नाही. त्यांच्या हद्दीला खूण एकच: तो एकटा बेहडा. खाली उभे राहून वर पाहिले की बेहड्याच्या बेचक्यातून मागे राजगडाच्या बालेकिल्ल्याचे टोक दिसते. टोक बेचक्यात बरोबर मधोमध बसले, की आपण हद्दीवर उभे आहोत.

धोंडाबाईने टोक बेचक्यात धरले, हातातली काठी गाळात टेकली आणि पाण्याच्या दिशेने उलट्या पावलांनी चालू लागली. नजर एकदाही खाली आली नाही. काठीमागे गाळात रेघ उमटत गेली. टोक डावीकडे सरकले की ती थबके, अर्धे पाऊल घेई, पुढे चाले. पाणी टाचांना लागले तेव्हा थांबली. रेघ मी पाहिली. ह्यांनी पट्टी लावून काढली असती तर याहून सरळ आली नसती.

"झाडं ह्या उतारावर आली," ती म्हणाली, "का बेहडा झाकला. मंग ही रेग गनपा मारनार. आन् गनपाची रेग दरसाल माज्याकडं चालत यनार."

"आगं, दोरीनं मोजू की," गणपा म्हणाला. "सायेबाकडं साखळी हाय. नकाशा हाय. सरकारी."

ह्यांना ते पटले. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अगं, बाईच्या नजरेवर योजना अडवून कसं चालेल?" त्यांच्याजवळ धरणाच्या आधीचा जुना नकाशा होता. त्यात या दोन पट्ट्यांची हद्द मोजणीच्या एका दगडापासून काढलेली होती. दगड टेपाच्या काठावर होताच, शेंदूर लावलेला. हे त्याच्यापासून साखळी धरून उतरले, कोन लावला आणि काठी रोवली. ती काठी धोंडाबाईच्या रेघेच्या आत पंधरा पावले पडली. पंधरा पावले म्हणजे तिचा निम्मा पट्टा.

गणपा काठीजवळ जाऊन उभा राहिला. तोंडावरचा आनंद त्याला लपवता आला नाही.

धोंडाबाईने आपली काठी गाळात टेकली. मग म्हणाली, "ह्या गाळाखाली हीर व्हती. दोगांची. निम्मी आमची, निम्मी ह्याच्या बाची. हद्द हिरीच्या मदनं जायाची. तुमची रेग खरी आसंल तर हीर तिच्यावर पायजे. माजी खरी आसंल तर माज्यावर. खना."

"खरंय का विहिरीचं?" मी गणपाला विचारले.

"व्हय," तो म्हणाला. खोटे बोलला असता तर कोणाला कळलेही नसते; पण तो बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहिते. "हीर व्हती. कुठं ते ध्यानात न्हाई. म्या तवा मुंबैला."

विहीर काठापासून किती अंतरावर हे पाटलांनी पावले मोजून सांगितले. आधी ह्यांच्या रेघेवर खणले. म्हादूने आणि गणपाने कमरेएवढा खड्डा केला. गाळ, आणखी गाळ, मग जुन्या शेताची लाल माती लागली. विहीर नव्हती. हे म्हणाले, चार पावले इकडे-तिकडे असेल. इकडे-तिकडेही खणले. नव्हती. म्हादू कुदळीवर टेकून म्हणाला, "सायेब, समदी जिमीन उकरून झाली तर वयनीला नांगरायचं काम ऱ्हायाचं न्हाई."

मग धोंडाबाईच्या रेघेवर. मांडीएवढे खणल्यावर कुदळ खण्णकन वाजली. हातांनी गाळ उपसला तेव्हा घडीव दगड दिसले, एकाला एक लागून, वाकत गेलेले. विहिरीचे तोंड. रेघ त्याच्या जवळजवळ मधून जात होती.

"पानी लागलं तर निम्मं माजं," गणपा म्हणाला, आणि पहिल्यांदा धोंडाबाई हसली.

हे मात्र हसले नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांची रेघ पंधरा पावलांनी चुकली नव्हती. नकाशा पुन्हा पाहिला, साखळी पुन्हा मोजली. मग पाटलांना विचारले, "हा दगड मोजणीचाच ना?"

पाटलांनी पागोटे सारखे केले. "दगुड त्योच हाय, सायेब."

"मग?"

"जागा ती न्हाई. धरन भराया लागलं तवा पानी त्याच्या अंगावर आलं. त्याला लोक निवद दावायचे. बुडत्या देवाला तसाच सोडायचा व्हय? मंग आमी वर आनून बसीवला."

ह्यांनी साखळी गुंडाळली. मग वही काढली आणि त्यात लिहिले: दगड स्थलांतरित. ह्यांचा राग असा लिहूनच निघतो.

हद्दीचे झाले, पण योजनेचे राहिले. उतार मोकळा सोडला तर पट्टा तुटत होता, आणि तुटका पट्टा मंडळाला नको होता. लावला तर बेहडा झाकत होता. हे धोंडाबाईला समजावू लागले. "इथं झाडं नसली तर शेकरू अडेल हो. ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातं. जमिनीवर उतरत नाही."

"का? म्या ह्या वयात डोंगुर चडते-उतरते. त्या खारीला चार पावलं चालता यंत न्हाई?"

"घार पडते तिच्यावर."

"मंग लपत जा म्हनावं."

मी गाळात उभी राहून उताराकडे पाहत होते. बेहड्याचे बेचके उंच होते. त्याच्या खाली बरीच जागा मोकळी दिसत होती. मी म्हटले, झाडे नकोत, झुडपे लावू. करवंद, धायटी, अडुळसा. शेकरूला वरून जाता आले नाही तरी खालून लपत जाता येईल, माती धरून राहील, आणि नजर वरून जाईल.

"करवंद डोक्यावर जातं, बाई," गणपा म्हणाला. "वरसाला छाटाय लागंल."

"छाटा मग. दोघांनी. पाणी हटलं की रेघ ओढायच्या दिवशी. काटे कुंपणाला होतील."

गणपाने धोंडाबाईकडे पाहिले. "काटं निम्मं निम्मं," तो म्हणाला.

झुडपांची उंची किती चालेल हे ठरवायचे राहिले. ह्यांनी उतारावर एक काठी उभी केली, तिला माझ्या लुगड्याची चिंधी बांधली (लुगड्याचे आता काही उरले नव्हते), आणि धोंडाबाईला रेघेच्या टोकाशी, पाण्यात उभे केले. चिंधी वर सरकवत नेली. बेचके झाकताच तिने हात वर केला. ह्यांनी खूण केली.

"झालं," हे म्हणाले.

"न्हाई झालं," पाण्यातून ती ओरडली. "ही माज्या डोळ्यांची झाली. म्या किती दिस ऱ्हानार? फुडं रेग तानी मारनार. ती माज्याहून बुटकी हाय. तिच्या डोळ्यांनी बगा."

तानीला घरून बोलावले. ती मूल कडेवर घेऊन आली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. पुरुषांसमोर ती बोलेना, पण सासूने हातातून मूल घेतले आणि तिला त्याच जागी पाण्यात उभे केले. पदर जरा मागे सारून तिने वर पाहिले. चिंधी सरकत गेली. तिचा हात वर गेला तो सासूच्या खुणेपेक्षा चार बोटे खाली.

"ही धरा," धोंडाबाई म्हणाली. "आता अंगठा घ्या."

अंगठ्यावर गाळ इतका बसला होता की शाई धरेना. तानीने घागरीतले पाणी ओतून तो धुतला, पदराने पुसला, आणि सासूचे मनगट धरून कागदावर टेकवला.

भोर, आणि पुणे

दुसऱ्या दिवशी भोरला आलो. आठवडाभर अनवाणी रायांत हिंडल्यावर दुकाने, कचेऱ्या आणि इस्त्रीचे कपडे पाहून जरा बावचळल्यासारखे झाले. आंबेमोहोर घेतला, नवे लुगडे घेतले. किकवीला मोटारीचे चाक बसले, त्यात अर्धा दिवस गेला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पुण्यात ह्यांनी नकाशा नीट काढला. वेल्ह्याच्या खोऱ्यापासून धरणाच्या पाण्यापर्यंत हिरवी रेघ, आणि अगदी टोकाशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, ठिपके. सोबत माझी यादी. तूट क्रमांक सतरापुढे मी जे घडले तेच लिहिले होते: झुडपे तानीच्या डोळ्यांच्या मापाने ठेवावीत, दरसाल दोघांनी छाटावीत.

मंडळातून दोन प्रश्न आले. पट्टा इथे तुटतो, तो का चालवून घ्यावा? आणि तानी म्हणजे काय? माप फुटांत द्यावे.

पहिल्याचे उत्तर ह्यांनीच लिहिले. मला वाटले होते ते नियमावर बोट ठेवतील, पण त्यांनी लिहिले की पट्टा इथे तुटत नाही, वाकतो. ही जागा मोकळी सोडली नाही तर काठच्या माणसाचा अंगठा मिळत नाही, आणि माणूस नाही तर पट्टा राखणार कोण? दुसऱ्याच्या उत्तरात फूट आणि इंच दिले. मंडळात त्यावर दोन बैठका झाल्या असे ऐकले. शेवटी ठिपके मंजूर झाले आणि पक्का नकाशा मागवला गेला.

पाठवण्यापूर्वी शेवटची नजर टाकावी म्हणून मी तो उलगडला. ठिपक्यांशेजारी, ह्यांच्या बारीक मोजणीच्या अक्षरात, लाल शाईने एक टीप होती. ती ह्यांनी मला दाखवली नव्हती. 'सदर उंची तानीबाईंच्या नजरेप्रमाणे आहे. त्यांची सून याहून ठेंगणी आल्यास माप पुन्हा घ्यावे.'